निलगिरीच्या डोंगरगाडीभोवती आठ जणींची सहल : दिवस, तिकिटे आणि मुक्काम कसे बसवावेत?

मंजिरी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आमच्या आठ जणींच्या भिशीतून सहलीसाठी बाजूला काढत आलेली रक्कम आता पुरेशी झाली आहे. ती निलगिरीच्या डोंगरी रेल्वेच्या प्रवासावर खर्च करायची, यावर आमच्यात क्वचितच होते तसे एकमतही झाले आहे. आम्ही सर्व जणी ५२ ते ७१ या वयातल्या आहोत. एकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, एकीला घाटात गाडी लागते आणि उरलेल्या सहा जणींना कुठेही गेले तरी पहाटे पाचला उठून आवरून बसण्याची हौस आहे.

एका यात्रा कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी म्हैसूर, उटी आणि कोडाईकनाल असा ठरलेला कार्यक्रम पुढे केला. त्यात ‘टॉय ट्रेनची सफर’ होती खरी, परंतु खोदून विचारल्यावर ती उटी ते कुन्नूर एवढीच असल्याचे समजले. आम्हाला रेल्वेचा प्रवास हाच सहलीचा गाभा हवा आहे आणि बाकीचे सारे त्याच्या भोवती बसवायचे आहे, म्हणून आमचे आम्हीच ठरवावे असे वाटते.

फेब्रुवारीत, घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत सात दिवस आमच्या हाती आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपाळयमपासून उटीपर्यंत संपूर्ण मार्ग करणे आवश्यक आहे का, की त्यातला काही भाग केला तरी चालेल? हा प्रवास चढताना करावा की उतरताना? आठ तिकिटे एकाच गाडीची मिळण्याची शक्यता कितपत असते, आणि ती मिळाली नाहीत किंवा ऐन वेळी गाडीच रद्द झाली, तर काय करावे? शिवाय मुक्काम उटीलाच करा, असे जो तो सांगतो, पण तो तिथेच का करायचा हे कोणी सांगत नाही. ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लोहमार्गी

मंजिरीताई, यात्रा कंपन्या कुन्नूर-उटी एवढाच टप्पा देतात याचे कारण साधे आहे. त्या टप्प्यावर दिवसभरात अनेक फेऱ्या असतात, तर मेट्टुपाळयमहून रोज एकच गाडी वर जाते आणि एकच खाली येते. चाळीस जणांचा ताफा त्या एका गाडीत बसवणे त्यांना परवडणारे नाही. मात्र ज्या गोष्टीसाठी ही रेल्वे जगभर ओळखली जाते, ती गोष्ट नेमकी त्या खालच्या टप्प्यातच आहे, हे त्यांच्या पत्रकात कुठेही लिहिलेले नसते.

मार्ग एकूण ४६ किलोमीटरचा, मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला. मेट्टुपाळयम सोडल्यावर कल्लारपर्यंत गाडी सुपारीच्या बागांमधून जवळजवळ सपाटीवरून धावते आणि तोपर्यंत तिच्यात विशेष काही आहे असे वाटत नाही. कल्लारच्या पुढे रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात. या पट्ट्या एकमेकींना खेटून दोन असतात आणि एकीचे दाते दुसरीच्या खाचांसमोर येतील अशा रीतीने त्या बसवलेल्या असतात, जेणेकरून इंजिनाखालच्या दातेरी चाकाची पकड क्षणभरही सुटू नये. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची ही पद्धत आहे आणि ती वापरणारी ही भारतातली एकमेव रेल्वे आहे. कल्लारला गाडी अगदी मंद होते, चाक पट्टीत शिरताना बाकाखालून एक दणका जाणवतो, आणि तिथपासून कुन्नूरपर्यंत इंजिनाचा आवाजच बदलतो, कारण त्याला चारपैकी दोन सिलिंडर केवळ त्या दातेरी चाकासाठी दिलेले आहेत.

चढ किती, तर साडेबारा मीटरला एक मीटर. आपण डोंबिवलीकर असल्याने तुलना सोपी पडेल : कर्जतला मागून बँकर इंजिने जोडून ज्या भोर घाटात गाड्या चढवतात, तिथला सर्वांत कडक चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. म्हणजे इथला चढ त्याच्या जवळपास तिप्पट झाला. अशा मार्गाची कल्पना १८५४ मध्ये मांडली गेली, काम मात्र १८९१ मध्ये सुरू झाले, १८९९ मध्ये गाडी कुन्नूरला पोचली आणि उटीला पोचायला १९०८ उजाडले. २०८ वळणे, १६ बोगदे आणि अडीचशे पूल हे आकडे ऐकले की त्या दिरंगाईचे आश्चर्य वाटत नाही. २००५ मध्ये युनेस्कोने दार्जिलिंगच्या जोडीने हिलाही जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

कुन्नूरला वाफेचे इंजिन सोडले जाते आणि डिझेल इंजिन जोडले जाते. पुढचा भाग सुंदरच आहे. केट्टीचे खोरे डोळे भरून पाहण्यासारखे आहे. परंतु निवडच करायची झाली तर मेट्टुपाळयम ते कुन्नूर, आणि तेही चढताना, असे माझे स्पष्ट मत आहे. चढताना इंजिन मागे राहून डबे वर ढकलते. त्यामुळे सर्वांत पुढच्या डब्यापुढे काहीच नसते; फक्त झेंडी घेतलेला ब्रेकवाला उभा असतो आणि समोर मोकळा रूळ. प्रथम श्रेणीची मोजकी आसने याच पुढच्या डब्यात असतात. मिळाली तर सोडू नका, मात्र त्यांच्या हट्टापायी आठ जणींची फाटाफूटही करू नका.

कोइमतूरवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोइमतुरात असल्याने आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला या गाडीत बसवून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आलेले असल्याने, गाडीपर्यंत पोचायचे कसे याबद्दल लिहितो. बहुतेकांचे नियोजन तिथेच अडते.

डोंगरगाडी मेट्टुपाळयमहून सकाळी सात-सव्वासातच्या सुमारास सुटते आणि दुपारी बाराच्या आसपास उटीला पोचते. तिची वेळ चेन्नईहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या निलगिरी एक्सप्रेसशी जुळवलेली आहे, मुंबईच्या गाडीशी नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी कोइमतूर एक्सप्रेस आपल्याला कल्याणला मिळेल. ती दोन रात्री घेऊन सकाळी कोइमतूरला पोचवते, परंतु तोपर्यंत डोंगरगाडी कल्लारच्या वाटेला लागलेली असते. कोइमतूर ते मेट्टुपाळयम हे अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून काही जण कोइमतुरात राहून भल्या पहाटे टॅक्सीने निघण्याचा बेत करतात. आठ जणी, दोन टॅक्स्या आणि एखादी विसरलेली औषधाची पिशवी, एवढे जमून आले की त्या बेताचे काय होते ते मी स्टेशनवर उभे राहून पाहिलेले आहे. आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच, स्टेशनजवळ साध्याशा लॉजमध्ये राहावे. तो हाती आलेला आदला दिवस वाया जात नाही : सामान ठेवून पेरूरचे पट्टीश्वराचे देऊळ पाहता येते, तिथल्या कनकसभेतले, म्हणजे नटराजाच्या मंडपातले, कोरीव खांब निवांतपणे पाहावेत, आणि संध्याकाळच्या लोकलने मेट्टुपाळयम गाठावे.

तिकिटांबद्दल. आरक्षण प्रवासाच्या दिवसापूर्वी ६० दिवस, सकाळी आठ वाजता उघडते. एका तिकिटावर सहापेक्षा अधिक प्रवासी घेता येत नाहीत, त्यामुळे आपल्याला दोन तिकिटे काढावीच लागतील. अशा वेळी सहा आणि दोन अशी विभागणी लोक सहज करतात. ती करू नये, चार आणि चार अशी करावी. एक तिकीट प्रतीक्षा यादीत अडकलेच, तर दोघीच मागे राहण्यापेक्षा चौघींनी मिळून टॅक्सीने वर जाणे केव्हाही बरे. ऑनलाइन काढलेले तिकीट शेवटपर्यंत पूर्णपणे प्रतीक्षेत राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, मात्र त्यावर गाडीत चढता येत नाही, हेही सर्व जणींना आधीच सांगून ठेवावे.

यात आणखी एक मेख आहे. मुंबईहून येणारी गाडी आपण डोंगरगाडीच्या आधीच्या तारखेला पकडणार, म्हणून तिचे आरक्षणही काही दिवस आधी उघडणार. म्हणजे ज्या गाडीवर सारी सहल अवलंबून आहे, तिचे तिकीट हाती येण्यापूर्वीच लांबच्या गाडीचे काढावे लागते. ते बेधडक काढावे. निश्चित झालेले तिकीट इतक्या आधी रद्द केल्यास दर माणशी ठरावीक, फारसे न बोचणारे शुल्क कापले जाते. त्यानंतर डोंगरगाडीचे आरक्षण उघडेल त्या सकाळी दोघींनी दोन वेगवेगळ्या खात्यांवर आधीच प्रवेश करून, नावे-वये भरलेली यादी तयार ठेवून बसावे. विमानाची परतीची तिकिटे आणि हॉटेल हे सारे त्यानंतर.

फेब्रुवारी हा महिना आपण उत्तम निवडला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाने कल्लार-कुन्नूर टप्प्यात दरडी कोसळतात, रुळांवर झाडे आणि दगड येतात आणि गाडी कधी काही दिवस तर कधी त्याहूनही अधिक काळ बंद राहते. जानेवारीच्या मध्यात पोंगलची सुट्टी, एप्रिल-मे महिन्यांत पुष्पप्रदर्शन आणि शाळांच्या सुट्ट्या. या साऱ्यांच्या मधला कोरडा, थंड, तुलनेने रिकामा काळ फेब्रुवारीतच सापडतो. आठवड्याच्या मधले दिवस धरावेत, शनिवार-रविवार टाळावेत.

सुहासिनी_नाशिक

मी आईला आणि मावशीला घेऊन हा प्रवास केलेला आहे, त्यामुळे वरच्या दोन्ही उत्तरांत न आलेल्या, परंतु आठ बायकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या गोष्टीपासून सुरुवात करते : गाडीत स्वच्छतागृह नाही. मेट्टुपाळयमला गाडीत बसण्यापूर्वी जाऊन यावे आणि मध्ये हिलग्रोव्हला इंजिन पाणी भरण्यासाठी थांबते तेव्हा सर्वांत आधी तिकडे वळावे, फोटो नंतर. या कारणासाठी आमच्या मावशीने सकाळचा चहाच घेतला नव्हता आणि मग कुन्नूरपर्यंत तिने आम्हा दोघींना त्याची आठवण करून दिली.

हिलग्रोव्हचा थांबा मात्र फार रंगतो. वरून लोंबणाऱ्या जाड नळीने इंजिनाच्या टाकीत पाणी पडत असते, सारे प्रवासी उतरून कडेला उभे असतात आणि माकडे कोणाच्या हातातला वडा आधी सुटेल याचा अंदाज घेत कठड्यावर बसलेली असतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मैत्रिणीला इथे चढ-उतार करताना आधार लागेल, कारण डब्याची पायरी उंच असते. त्यांना दाराजवळचे आसन द्यावे. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येत नाही, त्यामुळे दोन तिकिटांची आसने वेगवेगळ्या डब्यांत आली तर खाण्याचे डबे आणि औषधे दोन्हीकडे वाटून ठेवावीत. मोठ्या बॅगांना गाडीत जागा जवळजवळ नसतेच. आम्ही मोठे सामान टॅक्सीने आधीच कुन्नूरच्या हॉटेलवर पाठवले आणि हातात एकेक पिशवी ठेवली. आपल्यालाही तेच सुचवीन.

चढताना की उतरताना, या बाबतीत लोहमार्गी यांच्याशी माझे पूर्ण एकमत नाही. वर जायला मेट्टुपाळयम ते उटी जवळजवळ पाच तास लागतात आणि ते लाकडी पाठीच्या, अरुंद बाकांवर काढायचे असतात. उतरताना तेच साडेतीन तासांत होते, शिवाय त्यासाठी पहाटे उठावे लागत नाही, कारण गाडी दुपारी निघते. सत्तरीच्या माणसांचा विचार केला तर उतरण्याचा पर्याय कमी दर्जाचा समजू नये. दृश्य तेच असते आणि आईला तर खाली उतरतानाच दरी अधिक नीट दिसते असे वाटले.

मुक्कामाविषयी विचारले आहे म्हणून सांगते. उटीत मध्यवर्ती भागात वाहनांची आणि माणसांची दाटी आहे आणि रात्री थंडी कडक असते. कुन्नूर उटीपेक्षा सुमारे पाचशे मीटर खाली असल्याने हवा सौम्य आहे, सिम्स पार्क स्टेशनपासून फार दूर नाही, चहाचे मळे दाराशी आहेत आणि उटी पाहायची असेल तर सकाळच्या डिझेल गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. बाजारातल्या छोट्या बेकऱ्यांत मिळणारी ‘वर्की’ ही खुसखुशीत पापुद्र्यांची बिस्किटे गरम चहाबरोबर खावीत. ती प्रवासात चुरा होतात, म्हणून भेट द्यायला नेण्याचा विचार करू नये.

लोहमार्गी

सुहासिनीताईंचा मुद्दा वयाच्या दृष्टीने बिनतोड आहे, परंतु पाच तास हा हिशेब उटीपर्यंतचा आहे. कुन्नूरलाच उतरायचे असेल तर प्रवास सुमारे साडेतीन तासांत आटोपतो, म्हणजे उटीहून खाली येण्याइतकाच. आणि उतरताना इंजिन ओढत किंवा ढकलत नसते, ते केवळ गाडीला धरून ठेवत असते. प्रत्येक डब्यावरचा ब्रेकवाला चाक फिरवत असतो आणि वाफेचा तो धापा टाकणारा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. ज्यांना दरी पाहायची आहे त्यांनी खाली यावे, ज्यांना गाडी अनुभवायची आहे त्यांनी वर जावे. मंजिरीताईंनी पहिल्याच टिपणात रेल्वे हा गाभा म्हटले आहे, म्हणून माझे मत बदलत नाही.

कोणत्या बाजूला बसावे, असा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आधीच लिहितो. आसनक्रमांक यंत्रणा देते, निवडता येत नाही, आणि मार्ग इतका वळतो की दरी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे येते. आठ जणींनी आपसांत जागा बदलत राहाव्यात.

मंजिरी_डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. काल सगळ्या जणी जमलो होतो, तिथे ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली आणि बराच वादही झाला. आता आराखडा असा आहे : पहिल्या रात्री कल्याणहून कोइमतूर एक्सप्रेस, तिसऱ्या दिवशी सकाळी कोइमतूर, पेरूर आणि रात्री मेट्टुपाळयम, चौथ्या दिवशी डोंगरगाडीने कुन्नूर, पाचवा दिवस कुन्नूरला, सहाव्या दिवशी डिझेल गाडीने उटी आणि परत, सातव्या दिवशी खाली उतरून कोइमतूरहून विमानाने मुंबई. म्हैसूर आणि कोडाईकनाल दोन्ही वगळले आहे, त्यावर दोघी अद्याप नाराज आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. सातव्या दिवशी ज्या मैत्रिणीला गाडी लागते, तिच्यासाठी दुपारच्या डोंगरगाडीनेच खाली यावे का? आणि वर जाणारी गाडी ऐन सकाळी रद्द झाली, तर त्या दिवशी नेमके काय करावे?

कोइमतूरवासी

सातव्या दिवशी डोंगरगाडीने उतरू नये. ती मेट्टुपाळयमला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोचते, तीही वेळेवर असली तर. तिथून विमानतळ गाठून त्याच रात्रीचे विमान पकडणे म्हणजे मुद्दाम जिवाला घोर लावून घेणे होय. सकाळी नाश्ता बेताचाच करून टॅक्सीने निघावे, मैत्रिणीला पुढे चालकाशेजारी बसवावे आणि चालकाला घाई नाही हे निघतानाच सांगावे. घाटाचा भाग सुमारे ३५ किलोमीटरचा आहे आणि उतरताना तास-सव्वा तासात संपतो. एक दिवस वाढवता येत असेल तरच उतरताना रेल्वे घ्यावी आणि रात्री कोइमतुरात राहावे.

टॅक्सी ठरवताना ई-पासबद्दल विचारावे. मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांना ऑनलाइन पास घ्यावा लागतो. तो वाहनाचा असतो, प्रवाशांचा नव्हे, त्यामुळे रेल्वेने वर जाताना आपल्याला त्याची गरज नाही. परंतु सामान घेऊन आधी वर जाणारी किंवा आपल्याला न्यायला खालून येणारी टॅक्सी असेल तर चालकाने तो काढला आहे याची खात्री करून घ्यावी. स्थानिक नोंदणीच्या वाहनाला तो लागत नाही, म्हणून उतरण्यासाठी कुन्नूरचीच टॅक्सी घेणे सोपे जाईल.

गाडी रद्द झाली तर मेट्टुपाळयमच्या बसस्थानकावरून कुन्नूर-उटीच्या सरकारी बसगाड्या सतत सुटत असतात, टॅक्सीही मिळतात. वर पोचल्यावर कुन्नूर-उटी डिझेल गाडी बहुधा चालू असतेच, कारण दरडी प्रामुख्याने खालच्या टप्प्यात पडतात. अशा वेळी सहावा दिवस मोकळा करून त्या दिवशी उटीहून खाली येणाऱ्या गाडीत जागा आहे का, हे तिथल्या तिथे पाहावे. कुन्नूरचे हॉटेल ठरवताना शेवटची रात्र विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्यावे, म्हणजे गरज पडल्यास ती रात्र खाली काढता येईल.

सुहासिनी_नाशिक

त्यात एवढीच भर घालते की निलगिरी जिल्ह्यात एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि त्यात पाण्याच्या छोट्या बाटल्याही येतात. प्रत्येकीने घरूनच स्टीलची बाटली घ्यावी, खाऊ प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी डब्यांत भरावा, आणि स्वेटर हातातल्या पिशवीतच ठेवावा, टॅक्सीने पाठवायच्या बॅगेत नव्हे. मेट्टुपाळयमला घाम फुटत असतो, पण गाडी कुन्नूरच्या जवळ आली की खिडकीतून येणारा वारा बोचू लागतो.

नाराज दोघींना म्हैसूरसाठी पुढच्या भिशीचे आश्वासन देऊन टाका.